तूट

बाळगोंडा मगदूम वजन आधी पाठीनं ओळखतो,
मग काट्यानं.
सांगलीच्या मार्केट यार्डात अठरा वर्षं हमाल,
आता मापाडी. कानावर पेन्सिल
आणि बंडीच्या आतल्या खिशात
शुक्रवारच्या पुण्याच्या गाडीनं आलेलं रेसबुक,
हळदीच्या बोटांनी कडा पिवळ्या.

मी त्याच्या हाताखाली.
पोत्यात परखी खुपसायची, हळकुंड काढायचं,
मोडून आतला रंग त्याला दाखवायचा.
"हे बी असंच वाचायचं, वरची पॉलिश सोडून.
मागल्या खेपेला चौथी आली, एवढंच छापत्यात.
का आली, ते कोण छापतंय?
रेलिंगला कोंडली हुती. वाट गावली तवर
पुढचं घोडं घराकडं लागलं हुतं."

घोड्यांची इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर बसत नाहीत.
त्यानं आपली ठेवलीत:
सावकार, फुटकी टाच, चिखल्या,
आणि ती तांबडी,
कपाळावर चुन्याचं बोट ओढल्यासारखा पट्टा,
फोटोत बघितलेला.

तांबडी दोन हंगाम तिसऱ्या वर्गात हरत होती.
"हळकुंडाच्या सौद्यात गट्ठा मांडला
तर कोण हात लावंल?
त्योच गट्ठा गट्ठ्यांत मांड, मग बघ भाव."
आता ती चौथ्या वर्गात उतरली,
पण वर एकोणसाठ किलो.
चहाच्या गाड्यावरचे जाणकार म्हणाले, मेली.

बाळगोंडानं पान उलटलं.
जॉकी शिकाऊ पोरगं, त्याला साडेतीन किलोची सूट.
"साडेपंचावन्न," तळहात हवेत धरून तो तोलत राहिला.
"साडेतीन किलो म्हंजे काय, ते
ट्रकापातूर पोतं नेलेल्याला इचार.
शेवटच्या शंभर पावलांत
किलोचा मण हुतो."

त्या रविवारी तो स्वतः निघाला,
अकरा वर्षांत पहिल्यांदा. मीही.
पहाटेची एसटी, साताऱ्याला थांबली तेव्हा
त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

पॅडॉकपाशी लोक बोर्डावरचे भाव बघत होते.
तो तांबडीच्या मानेवरचा घाम,
मागच्या पायांची ठेवण,
चालताना कान कुठं वळतात ते.
मग ते पोरगं खोगीर मांडीवर घेऊन
काट्यावर बसलं,
आणि बाळगोंडा गर्दीत टाचा उंचावून
आधी काटा शून्यावर होता का
ते बघत राहिला.

अर्ध्या मानेनं जिंकली.
दोनशे रुपये, एकाला चार.
सगळे ओरडत होते. हा गप्प.
तिच्या पाठीवरून खोगीर उतरलं
तेव्हा तिथल्या ओल्या चौकोनाकडं बघत
त्यानं स्वतःचा खांदा चोळला.

परतीच्या गाडीत म्हणाला,
"आता वाढवत्यात बघ.
जिंकलं की वजन वाढतं. हरलं की कमी.
कागदावर सगळी घोडी एका रेषेत यावीत
म्हणून हा सगळा खटाटोप."

पुढच्या महिन्यात रेसबुक आलं.
तांबडी, बासष्ट किलो. पोरगं नाही, सूट नाही.
पाऊस लागलेला, जमीन जड.
त्यानं पूर्ण हिशेब केला, दोनदा,
आणि तिच्या नावावर
पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.
सावकार लागंल, म्हणाला.

पुण्याला निघालेल्या मुश्ताक ड्रायव्हरला
सावकारावर दोनशे दिले.
गाडी गेटापर्यंत गेली होती.
हा मागं पळत गेला, पन्नासाची नोट काढली,
खिडकीतून आत सरकवली,
आणि काहीतरी सांगून आला.

सावकार लागला.
तांबडी सहावी.

मी काही विचारलं नाही.
सोमवारी सौदे उरकल्यावर त्यानं वही उघडली.
वाळून कमी झालेली हळद
ज्या रकान्यात मांडतात, त्यातच
पोत्यांच्या खाली लिहिलं:
तूट, रुपये पन्नास.
पेन्सिल कानावर ठेवली
आणि म्हणाला, चल, घे पुढचं पोतं.